हवालदारांचा अबोला

महाबळेश्वर
२४ डिसेंबर, दुपार

आवं,

पाकीट बघून आठ्या घालू नका. फोन लावला तर तुमी उचलत न्हाई, मोबाईलवर निरोप धाडला तर उघडून बघत न्हाई. मग काय करू? तुमी फौजेत व्हतासा तवा अठ्ठावीस वर्षं कागदावर संसार केला. रिटायर होऊन घरात बसलासा, तरी माझ्या नशिबी कागदच.

दिवाळीपासनं तुमी माझ्याशी बोलत न्हाई. बोलायचं असलं की गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलतासा. "आज च्यात साखर लय पडलीया," हे म्हशीला सांगून काय उपेग? च्या ती करती व्हय?

आदी कामाचं सांगते. भाकरी जाऊबाई धाडतील. त्या आमटीत मीठ कमी टाकत्यात, वरनं घ्या, पण त्यांना बोलू नका. ऊसतोडीची टोळी आली तर त्यांच्या अंगावर ओरडू नका, ती माणसं हाईत, तुमची पलटण न्हाई. गुडघ्याला तेल लावा.

आमी काल सांजच्याला पोचलो. बचत गटाच्या पाच जणी आन् जीप चालवायला रंगुबाईचा भाऊ आकाराम. वाईपत्तूर सगळं ठीक व्हतं. पसरणीचा घाट लागला आन् रंगुबाईचं पोट फिरलं. ह्या वळणाला थांबवली, त्या वळणाला थांबवली. मागं गाड्यांची रांग लागलेली, हॉर्नवर हॉर्न. नाताळची सुट्टी म्हणून सगळी मुंबई आन् पुणं हितं लोटलंय. थंडी बघायला आल्यात म्हणं! थंडी काय बघायची वस्तू हाय? पण आल्यात, आन् त्यांच्यात आमी बी.

खोली बरी हाय. गाद्या मऊ, पण पांघरूण कागदासारखं. हुसेनबी लय शहाणी. तिनं घरनं आपली वाकळ आणली व्हती. जीपमधी बसताना आमी तिला हसलो. आता आमच्या दोघी जणी तिच्या वाकळंत घुसल्यात आन् ती बिचारी कडंला कुडकुडत बसलीया.

सकाळी वेण्णा तलावावर गेलो. पायानं चालवायची होडी असती. रंगुबाई आन् मी एका होडीत बसलो. मी पुढं मारतीया, ती मागं मारतीया. होडी एकाच जागी गरागरा फिरायला लागली. शेजारच्या होडीत एक नवं जोडपं व्हतं, ते आमचा व्हिडिओ काढत बसलं. मी म्हणाले, "रंगे, पाय थांबीव!" ती म्हणती, "मी थांबीवले की बुडंल." शेवटी होडीवाल्यानं दोर टाकून आमाला वडत काठाला आणलं.

मग घोडा. मी बसले न्हाई. रंगुबाई बसली. घोडं चार पावलं चाललं आन् एका शेटजीच्या हातातलं भाजलेलं कणीस खायला लागलं. शेटजी घोड्यावर ओरडंना, रंगुबाईवर ओरडाय लागला, जणू कणीस तिनं खाल्लं.

स्ट्रॉबेरी दिसती लाल, लागती आंबट. वर साय घालून देत्यात. मी दोन वाट्या खाल्ल्या. तुमी म्हशीला काय म्हणाला व्हतासा? "थंडीत मरायला डोंगरावर कोण जातंय?" मरायला न्हाई, खायला आलोय, म्हणून सांगा तिला.

उद्या प्रतापगड. मग पाचगणी बघायची म्हणत्यात सगळ्या. मी काय म्हणाले न्हाई. जीप जाईल तिकडं मी जाणार.

सौ. साळू


पाचगणी
२६ डिसेंबर, संध्याकाळ

आवं,

काल लिवलं न्हाई. प्रतापगडाच्या पायऱ्या चढून पिंढऱ्या भरल्या व्हत्या.

आज उजाडायच्या आत आकारामनं सगळ्यांना उठवलं. जीपच्या टपावर पांढरं पांढरं सांडलेलं. मला वाटलं, कुणी मीठ टाकलं. बोट लावलं तर बर्फ! दव गोठलं व्हतं. रंगुबाईनं नखानं खरवडून तोंडात घातलं. हॉटेलात उतरलेली पुण्याची पोरं फोटो काढाय धावली. मी बोटावरचं ते पाणी होईस्तवर बघत राहिले. तुमी एवढी वर्षं बर्फात राहिलासा, आन् मला बर्फ पयल्यांदा दिसलं ते आकारामच्या जीपवर.

मग जुन्या महाबळेश्वरात कृष्णेच्या उगमाला गेलो. दगडाच्या गाईच्या तोंडातनं एवढीशी धार पडती. हीच बाई आपल्याकडं येऊन पुरात सांगली बुडवती, हे हुसेनबीला पटंना. "एवढ्याशा पाण्यानं?" म्हणाली. मी म्हणाले, "अगं, वाटंत सगळ्यांना घेत जाती न्हवं."

आता खरं सांगते. आदी पत्र फाडू नका.

पाचगणीला जीप आपोआप गेली न्हाई. मी आकारामला सांगिटलं. सहल बी मीच काढली. गटाच्या बैठकीत "महाबळेश्वर" हे नाव माझ्याच तोंडनं निघालं. तिरुपतीला जायचं म्हणत व्हत्या बाकीच्या. दीपा हितं हाय, म्हणून मी आले. आईनं पोरीला भेटायला एवढी सोंगं करायची, ह्याची मला लाज वाटत न्हाई, तुमाला वाटली पायजे.

दोन वर्षं झाली. पोरगी कराडला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तवा आपल्या सगळ्या कुंडल गावभर पेढे वाटलेसा. तिनं नोकरी सोडली आन् पाचगणीला छत्रीला बांधून माणसं हवेत उडवायला लागली, तर म्हणालासा, "जमिनीवर आलीस की घरी ये." ती म्हणाली, "आबा, मी रोजच येते जमिनीवर." तिनं हसून म्हटलं असतं तर कदाचित तुमी बी हसला असतासा. पर ती तुमची पोर. नाकाचा शेंडा लाल करून म्हणाली, आन् गेली. दिवाळीत तुमाला कळलं, मी चोरून तिच्याशी फोनवर बोलते, तवापासनं मला बी अबोला. घरात दोन माणसं आन् एक म्हस, त्यातलं तुमी एकटं बोलणार आन् तेबी म्हशीशी.

आमी खिंगरच्या पठारावर गेलो. गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, वारा असा की पदर डोक्यावर ठरत न्हाई. तितं ती उभी व्हती. केस बारीक कापल्यात. तोंड उन्हानं रापलंय. हातात दोऱ्यांचा गुंता, तो सोडवत व्हती. मला बघितलं आन् म्हणाली काय? "आई, पायात चपला? बूट न्हाई आणलेस?"

दोन वर्षांनी भेटलेली पोर! पहिलं वाक्य चपलांवर! मला इतका राग आला की रडायचं राहिलं.

सगळ्यात आदी उडली कोण, सांगा? हुसेनबी. आमी घाबरून मागं सरकलो आन् ती म्हातारी पुढं. दीपानं तिला पट्टे बांधले, डोक्यावर टोप घातला, म्हणाली, "हुसेनखाला, मी पळ म्हटलं की पळायचं. थांबायचं न्हाई." हुसेनबी चार पावलं पळाली, पाचवं पाऊल हवेत. रंगुबाई वरडली, "गेली गं बाई गेली!" खाली उतरल्यावर हुसेनबीनं आदी टोप काढून पदर नीट केला. मग म्हणाली, "साळू, तुझी पोर लय जपून नेती. अंड्यांची पाटी न्यावी तशी."

मग मी गेले. व्हय, मी. दीपाचे बूट घालून. ओरडायचं असंल तर ओरडा, जाऊबाई ऐकतील.

पळताना भ्या वाटलं. पाय सुटले, आन् मग वाटलं न्हाई. खाली धोम धरणाचं पाणी, शेतांचे चौकोन, मुंगीएवढ्या गाड्या. दीपा माझ्या पाठीशी बांधलेली. ती लहान असताना मी तिला पाठीला बांधून रानात भांगलायला जायची, आज तिनं मला पोटाशी बांधलं. तिचा श्वास माझ्या कानात. दोन वर्षांत पोर एवढ्या जवळ आली नव्हती.

आन् तितं, त्या उंचीवर, ती म्हणाली, "आई, मी दोन तारखेला हिमाचलला चालली. बीरला. तिकडच्या उडवायच्या शाळेत शिकवायला बोलावलंय. तीन वर्षं तरी यायचं न्हाई."

बातमी सांगायला पोरीनं जागा काय निवडली! खाली असते तर उठून गेले असते, न्हाईतर एक दणका दिला असता. वर काय करणार? हात दोरीला धरलेले. म्हणाले, "बाप एक, तू एक. मला सांगायचं ते सगळं अधांतरी."

ती हसली. तिचं हसू माझ्या पाठीला कळलं.

सौ. साळू


खिंगर, पाचगणी
२७ डिसेंबर, सकाळ

आवं हवालदार,

आज "आवं"वर भागणार न्हाई. हे पत्र पेटीत टाकलं न्हाई, रंगुबाईच्या हातात दिलंय. बाकीच्या आज परत निघाल्यात, मी दीपाच्या खोलीवर थांबलीया. रंगुबाईला सांगिटलंय, वाचंपत्तूर दारातनं हलायचं न्हाई. ती हलत नसती, तुमाला ठाऊक हाय.

सकाळी पठारावर च्या प्यायला गेलो. एका बाईची टपरी हाय, चार बांबू आन् ताडपत्री. तिनं इचारलं, "कुठल्या तुमी?" रंगुबाई म्हणाली, "कुंडलच्या, पलूसकडनं." बाई म्हणाली, "व्हय का? तिकडचे एक काका येत्यात की हितं. मिल्ट्रीतले. कानटोपी घालून त्या पलीकडच्या दगडापाशी बसत्यात. गळ्यात दुर्बीण. एका पायानं वाईच लंगडत्यात. महिन्यातनं एकदा तरी येत्यातच."

मी च्याचा कप खाली ठेवला.

रंगुबाईनं इचारलं, "बोलत्यात का काय?"

"न्हाई ओ. त्या उडवणाऱ्या मॅडम उतरल्या की उठत्यात. जाताना मला इचारत्यात, उद्या वारा कसा असंल? मी म्हणते, काका, उद्या तुमी कुठं हितं असता? ते काय सांगत न्हाईत."

महिन्यातनं एकदा मिल्ट्रीच्या कॅन्टीनला म्हणून साताऱ्याला जातासा! घरात साबणाच्या वड्या ठेवायला जागा न्हाई. मी म्हणायची, "एवढा साबण कशाला?" तर म्हशीला म्हणालासा, "फौजीच्या घरात साबण लागतोच." साबणावर साबण आणून तुमी पोरगी बघून येत व्हतासा, आन् मी फोनवर तिच्याशी दोन शब्द बोलले तर मला दिवाळीपासनं शिक्षा! ह्याला काय म्हणायचं? फौजेत ह्याला काय म्हणत्यात?

मी तशीच दीपाकडं गेले. ती गवतावर छत्री पसरत व्हती. म्हणाले, "तुझा बाप हितं येतोय, तुला ठाऊक हाय?"

मान वर न करता म्हणाली, "व्हय."

"कवापासनं?"

"गेल्या साली थंडी सुरू झाली तवापासनं. वरनं दिसतात की, आई. सगळ्या पठारावर एवढी लाल कानटोपी दुसऱ्या कुणाची न्हाई."

"मग हाक का मारली न्हाईस?"

"हाक मारली असती तर पुन्हा आले नसते."

ती दोऱ्या ताणून बघत व्हती, एकेक. मग म्हणाली, "ते असले की मी वाईच जास्त येळ वर राहते. उतरताना त्यांच्या बाजूला उतरते. पाय न आपटता. त्यांना दिसावं म्हणून."

सांगा, मी कुणाला मारू? तुमाला का तिला? तुमी खाली दगडाआड, ती वर ढगात, आन् दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करताय. आन् मी चुलीपुढं बसून झुरतीया, की बापलेक एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. मी दोन वर्षं उपास धरले ओ तुमच्यासाठी! उपासाला केलेली खिचडी तुमीच खाल्लीसा!

आता ऐका. पोरगी दोन तारखेला जाती. हिमाचल काय साताऱ्याच्या कॅन्टीनच्या वाटंवर न्हाई. तिकडं दुर्बीण लावून दिसायची न्हाई. यायचं असंल तर समोरनं या, दगडामागं बसायला येऊ नका. न्हाई आलासा तर मी बी दोन तारखेला कुंडलला येईन असं धरून चालू नका. मला बी माझा मान हाय.

कानटोपी आणा. थंडी लय हाय.

साळू


कुंडल
१९ जानेवारी

आवं,

पत्ता बीरचा हाय, तो दीपानं लिहून दिलेला. पोचतंय का बघू.

"पोरीला गाडीत बसवून दोन दिवसांत येतो," म्हणून गेलेला माणूस आज तिकडं बसलाय. कधी येतासा? गव्हाला पाणी मी पाजलं. ऊसतोडीची टोळी मी जेवू घातली. लोक इचारत्यात, "हवालदार कुठं?" काय सांगू? उडायला गेल्यात म्हणू?

पंचावन्न वर्षांची बाई मी, पर पोर निघायच्या आदल्या दिवशी पठारावर माझं काळीज लहान पोरीसारखं उडत व्हतं. दुपारपत्तूर तुमचा पत्ता न्हाई. मग दिसली लाल कानटोपी. दगडाकडं वळली, थांबली, आन् मग सरळ आमच्याकडं आली. मला वाटलं, आता पोरीला जवळ घेतील, डोक्यावर हात ठेवतील, काहीतरी बोलतील. दोन वर्षांनी तोंड उघडलंसा आन् म्हणालासा काय?

"वारा फिरलाय. आज उडू नको."

ती म्हणाली, "आज उडणार न्हाई, आबा. सामान बांधतीया."

"पिशवी जड असंल," म्हणून तुमी ती छत्रीची पिशवी उचललीसा, ती खाली ठेवलीच न्हाई. जेवताना मांडीशी. जीपमधी मांडीवर. पुण्याच्या फलाटावर खांद्यावर. दीपा "द्या आबा" म्हणती, तुमी "असू दे" म्हणतासा. पिशवी ठेवायला म्हणून डब्यात चढलासा, आन् गाडी हलली. खिडकीतनं मला म्हणालासा, "अगं, गाडी सुटली!"

अठ्ठावीस वर्षं ह्याच जम्मूच्या गाडीनं ड्युटीवर गेलेला माणूस! तिची शिट्टी तुमाला झोपेत कळती. गाडी सुटलेली कळली न्हाई? हे म्हशीला सांगा, मला नको.

मी त्या फलाटावर एकटीच हसत उभी व्हते. लोकांना वाटलं असंल, बाईला येड लागलं.

काल दीपाचा फोन आला. म्हणाली, "आई, बर्फ पडलंय. आबा माझ्याबरोबर वरपत्तूर चालत आले." फोटो धाडलाय. तुमच्या कानटोपीवर बर्फ, मिशीवर बर्फ. तिकडं पर्यटकांना बर्फाचे गोळे कसे करायचे शिकवतासा म्हणं. एका गुजराती म्हातारीला हात धरून घसरगुंडीवरनं उतरवलंसा. आमाला सांगलीच्या जत्रंत पाळण्यात बसू देत न्हवतासा!

मग ती म्हणाली, "आई, आबांनी मला आप्पासोंचं सांगिटलं."

मी म्हणाले, "कोण आप्पासो?"

तिनं सांगिटलं. अथणीकडचा माणूस. तुमच्याच तुकडीतला. तुमी दोघं एका दोराला बांधलेले, बर्फाखालची फट उघडली आन् तो गेला. दोर तुमच्या हातात व्हता. तुमी धरून ठेवलासा, दुसरे लोक येईपत्तूर धरून ठेवलासा. वर काढला तवा तो न्हवता. तवापासनं दोराला लोंबकळणारं माणूस तुमाला बघवत न्हाई, आन् पोर रोज तेच करती. म्हणून येत व्हतासा. ती खाली टेकली की मगच उठत व्हतासा.

फोन ठेवला आन् मी उंबऱ्यावर बसून राहिले. तुमची त्या सालची पत्रं मला आठवतात. "मी मजेत आहे. थंडी फार नाही. काळजी नसावी." माझ्या अंगणात मी वाळवणं घालत व्हते, आन् तुमी हातात दोर धरून बसला व्हतासा. एवढी वर्षं मी शेजारी झोपले, तुमी झोपेत मुठी आवळतासा ते बघितलं. इचारलं की म्हणायचं, "काय न्हाई, वात आलाय." मी वाताचं तेल लावत राहिले.

मला राग आलाय. तुमी पोरीला एका दुपारी सांगिटलंसा, ते मला का न्हाई? पर राग धरायला माणूस समोर लागतं.

तर ऐका. म्हस रंगुबाईच्या गोठ्यात बांधलीया. गव्हाचं पाणी आकाराम बघंल. हुसेनबीनं नवी वाकळ शिवलीया, दोन माणसांची, कापूस जास्त घालून. शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. दीपाला सांगू नका, आदी आईला बूट कुठनं आणायचे ह्याची काळजी करत बसंल.

आन् कुणी मला सोडायला पुण्याला यायचं म्हणत व्हतं, त्यांना मी नको म्हणाले. त्या फलाटावर उभं राहून हात हलवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. ह्या बारीला खिडकीत मी बसणार.

साळू